मिलानचा बैल आणि तुमचे पांढरे बूट

वहिनी,

तुमचा फोन गेले पाच दिवस माझ्याकडे आहे. निखिलनेच दिला. "काकू, फ्रेमसाठी आईचा एखादा चांगला फोटो शोधून दे, माझ्याच्याने बघवत नाही," म्हणाला. सकाळी सहाला तुमच्या भजनी मंडळाची सुप्रभातं अजून येतात. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य, खाली दोन ओळी. मंडळाला सगळं कळलंय, सगळ्याजणी येऊन रडून गेल्या, पण त्यातल्या एकीची बोटं काही थांबत नाहीत. फोन टेबलावर थरथरला की मी "वहिनी, बघा हो, तुमचा फोन" म्हणायला तोंड उघडते, आणि ते तसंच उघडं राहतं.

मला अजून रडू आलेलं नाही. सिनेमात रडणाऱ्यांची टिंगल करणारा माझा नवरा श्रीकांत, तुमचा दीर, स्मशानात हुंदके देऊन रडला. मी कोरडी ठणठणीत. सगळ्यांना वाटतं मेधा खंबीर आहे. खंबीर कसली, थोबाडीत बसल्यावर गाल बधिर होतो तशी झालेय मी.

त्या दिवशी सकाळी पावणेदहाला तुमचा फोन आला. "मेधा, छातीत जडजड वाटतंय गं. कालचा राजमा बाधला असेल. येतेस का जरा?" मी विचारलं, निखिल कुठेय? तर म्हणालात, तो ऑफिसच्या कामाला बेंगळुरूला, सून नोएडाला पोचली असेल, पोरांना उगाच कशाला त्रास. मी म्हटलं, "निघतेच. एवढा कुकर होऊ दे." वहिनी, मी तीन शिट्ट्यांची वाट पाहिली. तुरीच्या डाळीच्या तीन शिट्ट्या. मग मुनिरकाहून मेट्रो धरली, हौज खासला गाडी बदलली. घिटोरनीच्या पुढे अनोळखी नंबरवरून फोन आला, आप सीधे हॉस्पिटल आ जाइए. तुम्ही माझी वाट न बघता स्वतःच कॅब बोलावून गेला होतात. मी पोचले तेव्हा सगळं संपून वीस मिनिटं झाली होती. मला एक प्लास्टिकची पिशवी दिली. तिच्यात तुमचा चष्मा, पर्स, फोन आणि निळ्या पट्ट्यांच्या चपला होत्या. मी चपला बघत उभी राहिले. नऊ दिवसांपूर्वी आपण युरोपातून परत आलो होतो. एअरपोर्टवर तुमची बॅग ओढली म्हणून तुम्ही माझ्यावर चिडला होतात, "मी काय म्हातारी झालेय?"

आल्यागेल्या प्रत्येकाचं एकच वाक्य होतं. "बरं झालं, शेवटचा प्रवास तुझ्या सोबतीने झाला. तू होतीस ना त्यांच्याबरोबर." मी मान डोलावत होते. दर वेळी मान डोलावताना मी खोटं बोलत होते, आणि ते खोटं का, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

एकतीस वर्षं आपण जावा. त्यातली चारच वर्षं एका छताखाली, त्या सरकारी क्वार्टरमध्ये, जिथे एक बाथरूम आणि आपण सहा माणसं. तुम्ही यवतमाळकडच्या, दावणीला बैल बघत वाढलेल्या. मी दिल्लीत जन्मले, दिल्लीत शिकले, मराठी घरापुरती. तुम्ही "वेसण" म्हणालात आणि मी "म्हणजे काय?" विचारलं, तेव्हा तुम्ही कपाळावर हात मारला होतात. "अगं, बैलाच्या नाकातली दोरी! हिला लगाम कळतो, वेसण कळत नाही." आणि पोळ्याला तुम्ही कणकेचे बैल करायचात. दिल्लीत मातीचे कुठे मिळणार? सतराव्या मजल्यावरच्या निखिलच्या फ्लॅटमध्येही तुम्ही दर वर्षी डायनिंग टेबलावर कणकेची जोडी मांडायचात, हळदीकुंकू, पुरणाचा घास, सगळं साग्रसंगीत. शेजारची पंजाबी बाई विचारायची, "आंटीजी, ये डॉगी है क्या?" मी हसायचे. तुम्ही तिला पुरणपोळी द्यायचात.

आपलं पटायचं का? पटायचं आणि नाही पटायचं. माझ्या प्रत्येक फॉर्ममध्ये तुम्ही चुका काढायचात. मंत्रालयाच्या केअरटेकर विभागात चौतीस वर्षं काढलेली बाई. इमारतीतली गळती, नळ, झाडू, जिन्याचे दिवे, सगळं तुमच्या रजिस्टरात. व्हिसाचा फॉर्म भरताना मी दोन रकाने सोडले होते, तर तुम्ही पेन हिसकावून घेतलंत. "रकाना रिकामा सोडायचा नाही मेधा. रिकामा रकाना म्हणजे पुढे भानगड." मग सहलीतल्या अख्ख्या बसचे फॉर्म तुम्हीच भरलेत, ठळक, सुटे सुटे, आडनावासहित.

आणि मग मिलान.

दीडशे वर्षांची जुनी बाजारपेठ. वर अख्खं काचेचं छत, लोखंडी कमानींवर तोललेलं, मध्ये भला मोठा घुमट. ऊन त्या काचेतून गाळून खाली येत होतं आणि फरशीवरची नक्षी ओली असल्यासारखी चमकत होती. मी तर थक्क झाले. मी म्हटलं, "वहिनी, काय सुंदर आहे ना!" तुम्ही मान वर करून मिनिटभर बघत राहिलात आणि म्हणालात, "एवढी काच पुसतं कोण?" मी वैतागले. पण तुम्ही गाईडला विचारल्याशिवाय राहिला नाहीत. त्या बिचाऱ्याला माहीत नव्हतं. तुम्ही स्वतःच डोळे बारीक करून शोधलंत. "तो बघ, कडेने लोखंडी वाट आहे, तिथून जात असणार. आमच्या मंत्रालयाच्या भवनात ही सोय असती तर माझी दोन माणसं पडली नसती." त्या दोन माणसांबद्दल तुम्ही पूर्वी कधीच बोलला नव्हतात. मला विचारायचं होतं. तेवढ्यात गाईडने टाळ्या वाजवून सगळ्यांना मध्यभागी बोलावलं.

घुमटाखाली फरशीत रंगीत दगडांचा बैल. गाईड हसत हसत सांगायला लागला की बैलाच्या मागच्या पायांमधल्या नेमक्या त्या जागी टाच रोवून तीन गिरक्या घ्यायच्या, म्हणजे नशीब फळफळतं. लोकांनी इतक्या टाचा रोवल्यात की तिथे खड्डाच पडलाय. आपल्या बसमधले सगळे खिदळत रांगेत उभे राहिले. तुमचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"बैलाला टाच मारायची? आणि तीही तिथे?"

"वहिनी, गंमत आहे. तो त्यांच्या दुसऱ्या कुठल्यातरी शहराचं चिन्ह आहे. नंदी नाही."

"चिन्ह कोणाचंही असू दे. बैल तो बैल. आपण तिथे हात लावून नमस्कार करतो आणि हे लाथा घालतायत."

हा वाद आपला अर्धाच राहिला. मला अजूनही वाटतं की तो नंदी नव्हता. पण तुम्ही वाद घालत बसणाऱ्यातल्या नव्हतात. तुम्ही बाकावर टेकून बूट काढलेत, ते निखिलने मुद्दाम प्रवासासाठी घेतलेले पांढरे स्पोर्ट्‌स शूज, आणि माझ्या हातात दिलेत. "धर." रांगेतल्या लोकांना बाजूला सारून तुम्ही अनवाणी त्या बैलाशी उकिडव्या बसलात. एक हात त्या खड्ड्यावर ठेवलात, मग डोळ्यांना लावलात. मग दुसऱ्या हाताची दोन बोटं शिंगांवर ठेवून, देवळात नंदीच्या शिंगांतून पिंड बघतात तसं, वाकून त्या बोटांतून पलीकडे बघायला लागलात. पलीकडे पिंडीच्या जागी लेडीज पर्सचं दुकान होतं.

सगळं जग आपल्याकडे बघतंय असं मला झालं. साठ-सत्तर माणसं, सगळ्यांचे फोन वर. सहासष्ट वर्षांची बाई पंजाबी ड्रेसमध्ये, अनवाणी, बैलाच्या नको त्या जागी हात लावून, मनोभावे. दिल्लीच्याच असाव्यात अशा तीनचार मुली हसून हसून वाकल्या होत्या. त्यातली एक माझ्याजवळ आली. "आंटी, ये आपके साथ हैं?"

आणि मी म्हणाले, "नहीं."

एवढंच. विचार केला नाही, अडखळले नाही. तुमचे बूट तिथेच फरशीवर ठेवले आणि एका कॉफीच्या दुकानाच्या खांबाआड जाऊन मेनू वाचत उभी राहिले. इटालियन मेनू. एक अक्षर कळत नव्हतं.

पाच मिनिटांनी तुम्ही बूट घालून आलात. माझ्या मते तुम्हाला काही ऐकू गेलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "दर्शन छान झालं. चल, तुला कॉफी घ्यायचीय का?" बसमध्ये तुम्ही खिडकीची जागा मला दिलीत. रात्री हॉटेलात माझ्या पायांना तेल चोळून दिलंत, कारण मला पेटके येत होते. मी मनाशी म्हटलं, सुटले. सांगेन कधीतरी, दिल्लीला गेल्यावर, पोळ्याला, तुमची ती कणकेची जोडी मांडताना, हसत हसत सांगेन. वहिनी, मी त्या दिवशी काय केलं माहितीये? तुम्ही मला लाटणं दाखवाल आणि विषय संपेल. असं मी ठरवून टाकलं होतं.

आता तुमच्या फोनबद्दल. सगळ्या खानदानाला माहीत आहे की तुमच्या फोनमध्ये आलेलं काहीही पाच मिनिटांच्या आत फॅमिली ग्रुपवर पडायचं. हॉटेलच्या नाश्त्याचे फोटो, बसच्या पडद्याचे फोटो, बाथरूममधल्या नळाचेसुद्धा, कारण तो नळ तुम्हाला चांगल्या बनावटीचा वाटला. सहलीचे साडेचारशे फोटो तुम्ही पाठवलेत. निखिलने ग्रुप म्यूट केला होता, आता त्याबद्दल रडतो. त्या साडेचारशेत मिलानच्या घुमटाचे बावीस होते. त्यांतलाच एखादा फ्रेमसाठी निघतो का बघावं म्हणून परवा दुपारी मी तुमची गॅलरी उघडली. तिथे एक व्हिडिओ होता, जो तुम्ही कोणालाच पाठवला नव्हता.

तो त्याच मुलींपैकी एकीने काढला होता. बसण्याआधी तुम्हीच तिच्या हातात फोन दिला असणार, "बेटा, मेरा वीडियो निकालना," म्हणून. कोणाच्याही हातात फोन देण्याची तुमची सवय मला माहीत आहे. व्हिडिओत तुम्ही खाली बसलेल्या, बोटं शिंगांवर. मागे मी. वहिनी, मी उभी आहे, माझ्या पायांत माझे बूट आहेत आणि हातात तुमचे पांढरे बूट आहेत, लेस लोंबतायत. दुसरी मुलगी मला विचारते, "आंटी, ये आपके साथ हैं?" आणि मी, ते बूट हातात धरून, म्हणते, "नहीं." आवाज स्वच्छ आला आहे. घुमटाखाली आवाज घुमतो ना.

तुम्ही मान वर केलीत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी बूट खाली ठेवून निघाले होते, मला ते दिसलं नाही, पण व्हिडिओत दिसतं. दोन-तीन सेकंद तुम्ही माझ्या पाठीकडे बघताय. मग ती मुलगी तुमच्याजवळ येऊन विचारते, "आंटी, फिर आप किसके साथ आई हो?"

आणि तुम्ही हसून म्हणता, "किसी के साथ नहीं बेटा. मैं तो अकेली आई हूँ."

मी तो व्हिडिओ अकरा वेळा बघितला. पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. तिसऱ्यांदा मी फोन कानाला लावून ऐकला. श्रीकांतने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय झालं, फोटो मिळाला का?" मी म्हटलं, "नाही." तेसुद्धा पटकन, न अडखळता. माझं "नाही" फार पटकन येतं, वहिनी.

तुम्हाला ऐकू गेलं होतं. ऐकू गेल्यावर तुम्ही मला खिडकी दिलीत, कॉफी विचारलीत, माझे पाय चोळलेत. आणि नळाचा फोटो ग्रुपवर टाकणाऱ्या बाईने हा एक व्हिडिओ स्वतःपाशी ठेवला. पुसला का नाहीत? नमस्काराचा होता म्हणून ठेवलात, की मला कधीतरी दाखवायचा होता? मला राग येतो तुमचा. तुम्ही तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, "ए मेधा, लाज वाटते काय गं माझी?" मी रडले असते, पाया पडले असते, तुम्ही "उठ, नाटकं करू नकोस" म्हणाला असतात. मला ती संधी न देता तुम्ही एवढं मोठं मन करून बसलात, आणि आता मी त्याचं काय करू?

हे मी लिहून काढतेय ते निखिल वाचेल, श्रीकांत वाचेल, तुमचं भजनी मंडळही वाचेल. वाचू दे. आता कोणी "तू होतीस ना त्यांच्याबरोबर" म्हणालं तर मी मान डोलावणार नाही, असं ठरवून टाकलं होतं. आजपर्यंत.

आज निखिलला सुट्टी नव्हती, म्हणून हॉस्पिटलमधून तुमच्या केस पेपरची प्रत आणायला मी गेले. काउंटरवरच्या माणसाने पानांचा गठ्ठा दिला आणि म्हणाला, इमर्जन्सीमधून एक सही राहिलीय, घेऊन या. मी गठ्ठा घेऊन चालता चालता पहिलं पान बघितलं. भरतीचा फॉर्म. तुम्हीच भरलेला. छातीत कळ येत असताना, वहिनी! अक्षर जरा तिरपं झालंय, पण ठळक, सुटं सुटं, आडनावासहित. वय, पत्ता, रक्तगट, कशाची अॅलर्जी नाही. एकही रकाना रिकामा नाही.

साथ में आए व्यक्ति का नाम. तिथे माझं नाव. रिश्ता, देवरानी, म्हणजे धाकटी जाऊ. पुढे माझा नंबर.

मला वाटलं, तुमची सवय. रकाना रिकामा सोडायचा नाही म्हणून घातलं असेल नाव.

इमर्जन्सीतल्या सिस्टरने सही करता करता पानाकडे बघितलं. केरळची असावी, हिंदी सावकाश बोलत होती. "ये आंटी याद हैं मुझे. बहुत शांत थीं. हमने दो बार पूछा, अम्मा, आपके साथ कौन है? बोलीं, घबराओ मत, मेरी देवरानी साथ आई है, नीचे गाड़ी लगा रही है."

मला गाडी चालवता येत नाही. निखिलने मला शिकवायचा प्रयत्न केला तेव्हा मी तुमच्याच सोसायटीच्या गेटला धडक दिली होती आणि तुम्ही महिनाभर सगळ्यांना ते सांगत होतात. त्या वेळी मी हौज खासच्या सरकत्या जिन्यावर होते, किंवा अजून घरात, तिसऱ्या शिट्टीची वाट बघत. तुम्ही अगदी एकट्या होतात. आणि तुम्ही त्या सिस्टरला सांगत होतात की मी तुमच्यासोबत आहे.

सिस्टरने पेपर परत केले आणि माझ्याकडे नीट बघितलं. "वो आप ही थीं ना? उनके साथ?"

मिलानमध्ये जितक्या पटकन तो एक शब्द आला होता, तितक्या पटकन आज काही येईना. मागे लोक खोळंबले होते, कोणाचं तरी स्ट्रेचर येत होतं.

"हाँ," मी म्हणाले. "मैं ही थी. मैं इनके साथ हूँ."

आणि मग वहिनी, तिथेच, त्या सगळ्या अनोळखी माणसांसमोर, तुमचा फॉर्म छातीशी धरून मला रडू फुटलं.